कूलर, कोळशी आणि नाग नदी

मार्च उलटला की पूर्व नागपुरातल्या नंदनवनमध्ये घरोघरचे कूलर माळ्यावरून खाली उतरतात. जुन्या ताट्या काढून वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या नव्या ताट्या बसतात, पंप बादलीत टाकून एकदा चालवून बघितला जातो, टाकी कुठे पाझरत असेल तर तिथे एम-सील थापलं जातं. मग पाण्याची पहिली धार सुटते आणि ओल्या वाळ्याचा वास खिडकीतून आत येतो. २३ मे २०१३ रोजी ज्या शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तिथे कूलरला कोणी चैन म्हणत नाही.

त्या टाकीत मात्र एक भाडेकरू आधीपासूनच ठाण मांडून असतो. गेल्या पावसाळ्यात एडिस डासाच्या मादीने टाकीच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, मोहरीहूनही बारीक काळी अंडी चिकटवून ठेवलेली असतात. कूलर रिकामा झाला, माळ्यावर गेला, पत्रा कोरडाठाक पडला, तरी ती मरत नाहीत. कित्येक महिने तशीच तग धरतात. नव्या मोसमात पाणी चढून त्यांना लागलं की अळ्या बाहेर पडतात आणि आठ-दहा दिवसांत डास उडायला लागतो. एप्रिल-मेच्या रखरखाटात त्याचं फारसं चालत नाही, कोरड्या हवेत तो फार दिवस जगत नाही. पाऊस पडून हवा दमट झाली, आणि कूलरमध्ये उरलेलं पाणी ओतून टाकायचं राहून गेलं, की डेंग्यूचा हंगाम सुरू होतो.

त्याच घरात डासांचे आणखी दोन संसार असू शकतात. क्युलेक्सला स्वच्छ पाण्याचं कौतुक नाही, त्याला नालीतलं साचलेलं, कुजकं पाणी लागतं. तो रात्री चावतो, आणि विदर्भात हत्तीपाय रोग पसरवतो तो हाच. ॲनाफिलीसची शहरी जात गच्चीवरच्या झाकण नसलेल्या टाक्या आणि विहिरी पसंत करते, हिवताप तिच्याकडून. म्हणजे एकाच छपराखाली तिघांनी जागा वाटून घेतली आहे: एकाकडे कूलर, एकाकडे नाली, एकाकडे गच्ची. चावण्याच्या वेळाही वेगळ्या. एडिस दिवसाउजेडी येतो, बाकीचे दोघे अंधार पडल्यावर. भाऊबंदकीत घराच्या वाटण्या होतात तेव्हासुद्धा इतकी स्वच्छ वाटणी क्वचितच होते.

परिस्थितिकीशास्त्राचा अर्धा अभ्यासक्रम या तीन डासांत येऊन जातो. एर्न्स्ट हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८६६ मध्ये या शास्त्राचं नाव घडवलं तेव्हा त्याने ग्रीक भाषेतला ‘घर’ या अर्थाचा शब्द घेतला. घराचं शास्त्र. कोण कुठे राहतो, काय खातो, कोणाला खायला मिळतो, त्याचा कचरा कोणाकडे जातो. याच शास्त्रात ‘निश’ असा एक शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ भिंतीतला कोनाडा. आपल्या जुन्या घरांत दिव्याचा कोनाडा असे तसा. प्राण्याचा कोनाडा म्हणजे नुसता पत्ता नव्हे, त्याचं सगळं राहणीमान: पाणी कसलं, तापमान किती, जेवण कधी, शत्रू कोण. रशियात जीवशास्त्रज्ञ गाऊज यांनी १९३४ मध्ये काचेच्या नळ्यांत सूक्ष्म प्राण्यांच्या दोन जाती एकत्र वाढवून दाखवलं की दोघांचा कोनाडा अगदी एकच असेल तर एक जात टिकते, दुसरी संपते. टिकायचं तर वाटणी करावी लागते. तीन डासांनी ती केली आहे.

शाळेच्या पुस्तकात हा विषय वेगळा दिसतो. गवत, ससा, कोल्हा, वाघ, मध्ये बाण, आणि कोपऱ्यात हसणारा सूर्य. त्या चित्रातून असा समज होतो की परिसंस्था म्हणजे जंगल, आणि ते बघायला सुटीत ताडोबाला जायचं असतं. नंदनवन या नावातही तीच गंमत आहे; इंद्राची बाग कोणीतरी लावून, निगा राखून ठेवलेली. खऱ्या परिसंस्थेला माळी नसतो. तिथे जागा असते, आणि त्या जागेला जमणारा कोणीतरी येऊन बसतो. विदर्भातली उदाहरणं एकामागोमाग एक बघितली तर एक गोष्ट वारंवार दिसते: माणूस जिवाच्या मागे लागतो आणि त्याची जागा तशीच ठेवतो. गल्लीतून धुराचं मशीन फिरतं, उडणारे डास पडतात, कूलरची टाकी जशीच्या तशी. आठवडाभराने पुन्हा तेच.

जागा म्हणजे काय, हे समजायला नागपूरसारखं शहर नाही. दख्खनच्या काळ्या कातळाचा पूर्वेकडचा काठ या शहराजवळ येऊन संपतो. सीताबर्डीची टेकडी बेसॉल्टची. पूर्वेला गेलं की त्याहून कितीतरी जुने, वेगळ्याच घडणीचे खडक लागतात. पश्चिमेकडे काटोल, कळमेश्वर, वरूडच्या बाजूला काळी माती, कापूस आणि संत्री. पूर्वेकडे भंडारा-गोंदियाच्या वाटेवर पाऊस वाढतो, कापूस मागे पडतो आणि धानाचे बांध, तळी, बोड्या सुरू होतात. एका जिल्ह्यातला शेतकरी पऱ्हाटीत वाढतो, शेजारच्या जिल्ह्यातला चिखलात. दोघांच्या स्वभावांवर विनोद पुष्कळ होतात, पण कारण पायाखालच्या दगडात आणि वरच्या पावसात आहे. माती, पाणी, तापमान, उजेड हे निर्जीव घटक आधी सीमा आखतात. सजीवांची भांडणं त्या सीमेच्या आत चालतात.

ही सीमा हातात कशी घ्यायची हे संत्रा बागायतदाराला नीट ठाऊक असतं. आंबिया बहार घ्यायचा तर तो डिसेंबर-जानेवारीत झाडाचं पाणी तोडतो. त्याला ‘ताण देणं’ म्हणतात. पानं मलूल होतात, थोडी गळतात, नवखा माणूस बघून घाबरतो. मग पाणी सोडलं की झाड एकदम फुलावर येतं. मृग बहारासाठी हाच ताण उन्हाळ्यात बसतो आणि तोडायचं काम पाऊस करतो. एखाद्या वर्षी मृग कोरडा गेला किंवा उन्हाळ्यातच पाऊस पडला की बहार हुकतो. ज्या घटकाच्या कमतरतेने वाढ अडते त्याला शास्त्र मर्यादाकारक घटक म्हणतं. विदर्भातला बागायतदार त्याच घटकाची चावी फिरवून झाडाचं कॅलेंडर ठरवतो. फक्त माती फार भारी असेल, पाणी धरून ठेवणारी असेल, तर झाडाला ताण बसतच नाही. मग चावी हातात असून उपयोग नाही.

त्याच बागेत कोळशी येते. पानं, फांद्या, फळं काजळी धरल्यासारखी काळी होतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, झाडाला बुरशीचा रोग झाला. प्रत्यक्षात ती काळी बुरशी पानाच्या आत शिरत नाही, पानाला खातही नाही. ती पानावर सांडलेल्या साखरेवर वाढते. साखर सांडणारी वेगळीच: काळी माशी नावाचा मिलिमीटरभराचा कीटक. त्याची पिल्लं पानाच्या खालच्या बाजूला चिकटून रस शोषतात आणि नको असलेली साखर चिकट थेंबांच्या रूपात बाहेर टाकतात. पानावर काजळीचा थर चढला की उजेड आत जात नाही, पान अन्न बनवू शकत नाही, झाड खंगतं आणि बहार बुडतो. बुरशी मारायला फवारणी केली तर काळेपणा थोडा कमी होईल, साखरेचा कारखाना चालूच राहील. अंगठ्याच्या नखाने पान उलटून बघणारा बागायतदार आणि वरूनच काळं बघून दुकानात औषध मागणारा बागायतदार, यांच्यातला फरक पुढच्या बहाराला पैशांत दिसतो.

काळ्या माशीच्या वर्षाला तीन पिढ्या होतात आणि तिन्ही झाडाच्या नव्या पालवीशी, म्हणजे नवतीशी जुळलेल्या असतात: आंबिया, मृग आणि हस्त. कोवळ्या पानाशिवाय तिचं जमत नाही. म्हणून दाटीने लावलेली बाग, भरमसाट नत्र, जास्तीचं पाणी, आत न शिरणारा वारा, या सगळ्याचा अर्थ तिच्या दृष्टीने एकच: जागा तयार आहे. तिला खाणारे मित्रकीटकही बागेत असतात. क्रायसोपाची अळी तिची पिल्लं फस्त करते, आणि टाचणीच्या टोकाएवढ्या परजीवी गांधीलमाश्या त्यांच्या अंगात अंडी घालतात. सरसकट विषारी फवारा मारला की आधी मरतात ते हे मित्र. कारण साधं आहे. खाणाऱ्यांची संख्या खाल्ल्या जाणाऱ्यांपेक्षा नेहमीच कमी असते, आणि ते सावरायलाही जास्त वेळ घेतात.

संत्र्याच्या बागेनेच हा धडा जगाला ठळकपणे शिकवला होता, फक्त ती बाग कॅलिफोर्नियातली होती. १८८० च्या दशकात तिथल्या लिंबूवर्गीय बागा ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका पांढऱ्या कापसाळ खवलेकिडीने संपायला आल्या होत्या. १८८८-८९ मध्ये तिच्या मूळ देशातून तिला खाणारा लाल ढालकिडा आणून सोडला गेला आणि थोड्याच काळात बागा सावरल्या. पन्नासहून अधिक वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग १९४० च्या दशकात डीडीटी आलं, बागायतदारांनी उत्साहाने फवारलं, ढालकिडे मेले आणि खवलेकीड परतली.

कापसाची गोष्ट याहून कडवट आहे. बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार होईल असा बीटी कापूस भारतात २००२ मध्ये आला, दोन जनुकांचा दुसरा वाण २००६ मध्ये. पहिली काही वर्षं फवारण्या खरोखरच घटल्या. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण शेंदरी बोंडअळी, जिला गुलाबी बोंडअळीही म्हणतात, ही जवळजवळ फक्त कपाशीवरच जगणारी अळी. सगळं शिवार एकाच विषाने भरलं की त्यात मरतात त्या कमजोर अळ्या. लाखांत एखादी त्या विषाला न जुमानणारी असेल तर ती जगते, आणि तिला जोडीदारही तसाच मिळतो. हे टाळायला साडेचारशे ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं दिलं जायचं. शेताच्या कडेने ते लावावं, तिथे साध्या अळ्यांनी सुखाने जगावं, आणि विष पचवलेल्या अळीचा संकर त्यांच्याशी होऊन तिचा गुण पातळ व्हावा, अशी ती योजना. बहुतेक पाकिटं धुऱ्यावर पडली. स्वतःच्या शेतात मुद्दाम अळी पाळायची, हे कोणत्या शेतकऱ्याला पटणार? समजावून सांगणाराही फारसा कोणी फिरकला नाही.

त्यात फरदड. पाणी असलं की वेचणी झाल्यावरही कपाशी ठेवायची, मार्चपर्यंत आणखी दोन-चार क्विंटल काढायचा. शेतकऱ्याला तो बोनस वाटतो, अळीला उन्हाळ्यापर्यंतची शिदोरी. २०१७ च्या हंगामात विदर्भात डोमकळ्या दिसायला लागल्या, म्हणजे न उमलता गुलाबाच्या कळीसारखी मिटून राहिलेली फुलं, ज्यांच्या आत अळी बसलेली असते. त्या वर्षी बोंडं फोडून बघणाऱ्यांचे चेहरे ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत. त्याच हंगामात यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. नागपुरात वर्धा मार्गावर केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून आहे. तिथले शास्त्रज्ञ सांगतात तो उपाय औषधाच्या दुकानात मिळत नाही: डिसेंबरअखेर शेत मोकळं करा, फरदड घेऊ नका, पऱ्हाट्यांचे ढीग धुऱ्यावर ठेवू नका, जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे लावा. सगळ्याचा रोख एकच. चार-पाच महिने कपाशीच नसेल तर कपाशीवरच जगणाऱ्या अळीने खायचं काय?

शहरात परत आलं की हीच गोष्ट प्लॉटवर दिसते. नागपुरात लेआउट पडतात, प्लॉट विकले जातात, आणि मग मालक पुण्याला किंवा अमेरिकेला असल्यामुळे वर्षानुवर्षं मोकळे राहतात. पहिल्या पावसाळ्यात तिथे गाजर गवत आणि तरोटा उगवतो. दोन-तीन वर्षांत एरंड, रुई, आघाडा. मग बोर, सुबाभूळ, आणि बुलबुलाच्या किंवा कावळ्याच्या विष्ठेतून आलेला कडुनिंब. शेजारच्या भिंतीच्या भेगेत पिंपळ. पानांच्या सावलीत माती ओलसर राहते, गवत मागे हटतं, झाडांची रोपं तग धरतात. एका वस्तीने पुढच्या वस्तीसाठी जागा तयार करून स्वतः बाजूला होणं, याला अनुक्रमण म्हणतात. मालक परत येऊन जेसीबी लावतो त्या दिवशी घड्याळ पुन्हा शून्यावर, आणि पहिलं पुन्हा गाजर गवत.

गाजर गवताच्या बाबतीत मात्र माणसाला थोडं शहाणपण सुचलं. हे गवत मूळचं अमेरिका खंडातलं, भारतात त्याची ठळक नोंद १९५० च्या दशकात पुण्यात झाली. उपटून, जाळून ते संपलं नाही. १९८४ मध्ये मेक्सिकोतला एक भुंगा आणून सोडला गेला; तो पावसाळ्यात त्याच्या पानांची चाळण करतो. त्याहून घरगुती उपाय म्हणजे तरोटा. त्याचं बी हिवाळ्याच्या तोंडाशी गोळा करायचं आणि पावसाआधी गाजर गवताच्या जागेवर फेकायचं. तरोटा दाट उगवतो, जागा व्यापतो, गाजर गवताला वर येऊ देत नाही; शिवाय त्याची कोवळी पानं भाजीला होतात. जागा रिकामी न ठेवता दुसऱ्याला द्यायची, इतकंच.

जागा रिकामी ठेवली तर काय होतं याचं मोठं उदाहरण गिधाडं. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. कारण २००४ मध्ये प्रसिद्ध झालं: गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक. औषध टोचलेलं जनावर मेलं, गिधाडांनी खाल्लं, त्यांची मूत्रपिंडं बंद पडली. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली तोवर आकाश रिकामं झालं होतं. मेलेली गुरं मात्र होतीच. ती भटक्या कुत्र्यांना मिळाली. गिधाडांचा थवा मेलेलं जनावर तासाभरात साफ करून निघून जातो. कुत्रा तिथेच राहतो, पिल्लं घालतो आणि चावतो. हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रात वाढवलेली गिधाडं २०२४ मध्ये पेंच आणि ताडोबात आणली गेली. पाच-पन्नास पक्ष्यांनी पोकळी भरणार नाही, पण सुरुवात कुठून तरी करायला हवी.

वाघाकडे वळायचं तर आधी हिशेब. रेमंड लिंडेमन या तरुण अमेरिकन शास्त्रज्ञाने मिनेसोटातल्या एका छोट्या तळ्याचा ऊर्जेचा जमाखर्च मांडला. १९४२ मध्ये निबंध छापून आला तेव्हा तो हयात नव्हता, गेला तेव्हा अवघा २६ वर्षांचा होता. खालच्या पायरीवरची जेमतेम दहावा हिस्सा ऊर्जा वरच्या पायरीला पोचते, बाकीची जगण्यात आणि उष्णतेत जाते, हा ठोकताळा त्या कामातून आला. एक वाघ वर्षाला चितळाच्या आकाराची साधारण पन्नास जनावरं मारतो, आणि कळप घटू न देता पन्नास द्यायची तर मागे सुमारे पाचशे हवीत. म्हणून वाघाला जागा लागते, आणि म्हणूनच तो चालतो. नागझिऱ्यात जन्मलेला जय नावाचा वाघ २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडल्यात आला, नंदनवनहून उमरेड रस्त्याने दीड-दोन तासांच्या अंतरावर; एप्रिल २०१६ नंतर तो दिसला नाही. टिपेश्वरचा एक तरुण वाघ गळ्यात कॉलर घेऊन २०१९ मध्ये निघाला आणि सुमारे ३,००० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. वाटेत त्याने शेतं, रस्ते, गावं ओलांडली, बहुतेक गावांना पत्ताही लागला नाही.

इथे माणसाची चूक उलट्या बाजूने होते. जीव वाचवायचा, जागा तोडायची. अपवाद म्हणून पेंचमधल्या राष्ट्रीय महामार्ग ४४ चं नाव घ्यावं लागतं. तिथे रस्ताच उचलून खालून जनावरांना वाट दिली, सर्वांत लांब भुयारी वाट साडेसातशे मीटरची, आणि २०१९ मधल्या कॅमेऱ्यांत ११ वाघ ८९ वेळा खालून गेलेले दिसले. ते होण्यासाठी न्यायालयीन लढाया लढाव्या लागल्या, हेही नोंदवायला हवं. चंद्रपुरात मात्र वाटणीच उरलेली नाही. मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाची फुलं वेचायला बाया जंगलात जातात, त्याच पहाटे त्याच फुलांसाठी अस्वल येतं, मागोमाग तेंदूपानाचा हंगाम, आणि त्याच झुडपांत वाघ बसलेला असतो. डासांना जमलेली वेळेची वाटणी इथे माणसाच्या पोटामुळे जमत नाही.

आता नदी. नागपूरला जिने नाव दिलं ती नाग नदी अंबाझरीकडून येते, शहरातून सुमारे सतरा किलोमीटर वाहते, महाल ओलांडून केडीके कॉलेजजवळून नंदनवनला खेटून पूर्वेला जाते. नदी म्हणायचं ते जुन्या नकाशाच्या मानाने. नंदनवनचा रहिवासी पुलावर नाकाला रुमाल लावून ‘नाला’ म्हणतो. पण मेलेली नदी म्हणणं चुकीचं आहे. तिच्यात जीवन भरपूर आहे, फक्त रहिवासी बदललेत. सांडपाण्यातला मैला कुजवणारे जीवाणू पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात, माशांना तो उरत नाही. उरतात त्या चिखलातल्या लाल अळ्या. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या इतक्या कमी प्राणवायूवर जगतात. त्या टिपायला लांब लाल पायांचा शेकाट्या येतो. पक्षी दिसला की लोक खूश होतात. सांडपाण्याच्या काठी शेकाट्यांचा थवा दिसणं ही तक्रार आहे, शुभशकुन नव्हे.

आणि नदी नंदनवनला थांबत नाही. पुढे तिला पिवळी नदी मिळते, मग ती कन्हानला, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला, आणि ते सगळं पाणी गोसीखुर्द धरणात. १९८८ मध्ये भूमिपूजन झालेल्या या धरणाच्या फुगवट्यात नागपूरच्या न्हाणीघरांतलं आणि संडासांतलं नत्र नि स्फुरद साठतं. त्यावर जलपर्णी पोसली जाते. ती दक्षिण अमेरिकेतून शोभेची म्हणून आलेली; पोषण मिळालं की एक-दोन आठवड्यांत दुप्पट पसरते. यंत्राने ती काढली जाते, ठेक्याचं बिल निघतं, आणि पुढच्या वर्षी ती तितकीच परत येते, कारण तिचं जेवण नंदनवनसारख्या वस्त्यांतून रोज वेळेवर पोचतं. भांडेवाडीला सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीजकेंद्राला देण्याची व्यवस्था झाली, ती या साखळीत खरोखर काही बदलणारी गोष्ट. नदी पुनरुज्जीवनाची दोन हजार कोटींच्या आसपासची योजना कागदांवरून बरीच वर्षं वाहते आहे. १९५८ पासून पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था, नीरी, ज्या शहरात आहे त्याच शहराची नदी अशी असावी, हा विरोधाभास नागपूरकरांनी इतका पचवला आहे की आता त्यावर कोणी विनोदही करत नाही.

नदीचीही एक जागा असते. पूर आला की पसरायची, काठची, खोलगट. तिथे भिंती आणि स्लॅब आले. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चारेक तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि पाणी लोकांच्या बैठकीत शिरलं. नदीने आपली जागा परत मागितली असं म्हणणं काव्यात्म होईल. पाण्याला मुरायला माती उरली नव्हती आणि वाहायला रुंदी.

जागेपासून सुरुवात करणारं काम विदर्भातच झालं आहे, आणि ते शहरात नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेली हजारो तळी आहेत. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तळी सरकारची झाली, आणि कोणाचीच राहिली नाहीत. त्यांत बेशरम माजली. तीही परदेशी, फांदी तोडून टाकली तरी पुन्हा रुजणारी. नाव लोकांनी विचार करून ठेवलं आहे. मासळी कमी झाली तसं मासेमार ढिवरांना अधिक मत्स्यबीज सोडा असं सांगितलं गेलं. बाहेरचे झपाट्याने वाढणारे मासे आले, स्थानिक मासे घटले. अभ्यासक मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवरांचंच ज्ञान आधाराला घेऊन वेगळी वाट धरली. बेशरम मुळासकट काढायची, उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरायचा, आणि त्यात स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावायच्या: कोणती काठाला, कोणती उथळ पाण्यात, कोणती खोलात, हे ढिवर बाया सांगतात, कारण कोणता मासा कोणत्या वनस्पतीत अंडी घालतो हे त्यांना ठाऊक असतं. मासे सोडावे लागले नाहीत तरी ते वाढले, मागून पक्षी आले. याच भागात महाराष्ट्रातले शेवटचे सारस टिकून आहेत. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्लींनी नवेगावच्या तलावाकाठी बसून पक्ष्यांबरोबर ढिवरांच्याही बोलीतले शब्द टिपले. शब्दसंग्रह म्हणून वाचलं जाणारं ते टिपण खरं तर त्या तळ्याचं रहिवासी-पत्रक आहे.

नंदनवनात तळं नांगरायला मिळणार नाही. पण जुलैत पाऊस लागला की कूलर पुन्हा माळ्यावर चढतील. त्याआधी टाकीतलं पाणी ओतून देणं पुरेसं नाही, अंडी पाण्यात नसतात. आतल्या पत्र्याच्या चारही बाजू, पाण्याच्या रेषेच्या वरपर्यंत, भांडी घासायच्या काथ्याने खरवडून घासा, आणि तो चोथा नालीत न टाकता उन्हातल्या तापल्या सिमेंटवर झटका.